भट्टी विझेपर्यंत

माझ्या पोलीस नोकरीत मी एकदाच माणसं सोडवली, आणि तिसऱ्या दिवशी ती माझ्या चौकीची कुडाची भिंत फोडून पुन्हा तिकडेच पळून गेली. ज्यानं त्यांना नेलं होतं त्या मुकादमाकडे, आपल्या पायांनी. ही गोष्ट मी सर्व्हिसमध्ये असताना कुणाला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर बदलीच्या गावापर्यंत माझं हसं झालं असतं. आता निवृत्त होऊनही पुष्कळ वर्षं झाली. संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘एखादा थरारक प्रसंग’ मागितला आहे. थरार माझ्या नोकरीत फारसा नव्हता. फजिती होती, ती सांगतो.

मी मूळचा जव्हारचा. संस्थानच्या काळात पोलिसात शिपाई म्हणून लागलो. तेव्हा जव्हार संस्थानच्या भोवती नाके होते आणि नाक्यावर उभं राहणं हे माझं काम. पलीकडे मोखाडा, ते इंग्रजांचं. एखादा कोंबडीचोर धावत धावत मोखाड्याच्या हद्दीत शिरला की आम्ही ओढ्याच्या अलीकडे थांबायचो आणि तो पलीकडे बसून पाणी प्यायचा. पुढं इंग्रज गेले, मग विलीनीकरण झालं, आणि ती हद्द गेली. आमचे बिल्ले बदलले, पगार थोडा बदलला, आणि कोंबडीचोराची बसायची सोय गेली.

पण उत्तरेची एक हद्द राहिली. तिकडे फिरंग्यांचा मुलूख होता. देश स्वतंत्र झाला तरी डोंगराच्या त्या बाजूला पोर्तुगिजांचं राज्य अजून चालू होतं. तिथं एका वाटेवर चौकी टाकली, आणि मला हवालदारीची पट्टी देऊन हाताखाली दोन शिपायांसह तिथं बसवलं. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथल्या काही घरांत अजून माझं जाणं-येणं आहे.

नाक्याचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं रुबाबदार नसतं. सकाळी दांडी आडवी करायची, संध्याकाळी उभी करायची. गाडी आली की उतरवून बघायची. कोळसा, लाकूड, मोह, दारू, कापड, गुरं. प्रत्येक गोष्टीचा रकाना रजिस्टरात छापलेला असे. पोती किती, बैल किती, लाकूड कुठल्या झाडाचं. चोरून दारू आणणाऱ्याला आम्ही वासावरून ओळखायचो, आणि सागाचा ओंडका कोळशाच्या पोत्याखाली लपवलेला असेल तर बैलाच्या चालीवरून. यात मला अभिमान होता आणि अजून आहे. माणसांचा मात्र रकाना नव्हता. माणूस आला, रामराम म्हणाला, गेला.

ती हद्द तिथल्या लोकांना मान्यच नव्हती असं म्हणायला हरकत नाही. देवजी नावाचा एक म्हातारा वारली होता, त्याचं घर आमच्या बाजूला आणि नागलीचं शेत फिरंग्यांच्या बाजूला. तो रोज सकाळी विळा घेऊन परदेशात जायचा आणि दुपारी जेवायला स्वदेशात यायचा. नवीन असताना मी त्याला अडवून परवाना मागितला. तो खाली बसला, विडी पेटवली आणि म्हणाला, “दादा, तू माझे नागलीला इचार. ती उगवली तवा परवाना होता का?” त्यानंतर मी त्याला कधी अडवलं नाही. पुढच्या सगळ्या भानगडीत माझ्या उपयोगी पडला तो हाच माणूस.

दर वर्षी दिवाळी झाली की त्या वाटेनं माणसांच्या टोळ्या जायच्या. पलीकडच्या जंगलात कोळशाच्या भट्ट्या असत. मोखाडा, सूर्यमाळ, पोशेरा या बाजूच्या पाड्यांवरून मुकादम माणसं गोळा करून न्यायचा, आणि पावसाच्या तोंडी परत आणायचा. हा मुकादम मोठा गोड माणूस. रामजी म्हणायचे त्याला. नाक्यावर आला की आधी शिपायांच्या पोराबाळांची चौकशी, मग तंबाखूची देवघेव, मग काम. टोळी मागं गुपचूप उभी. मी कोळशाच्या गाड्या झाडून बघायचो, आणि टोळीकडं बघायचो तेवढं बघायचो. जाताना टोळी मोठी असे आणि येताना लहान, हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं. पण जे रकान्यात नाही ते आपलं काम नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

ही समजूत लाडकीनं मोडली.

लाडकी म्हणजे सूर्यमाळच्या खालच्या एका पाड्यावरची बाई. वय चाळिशीचं असेल, दिसायला अधिक. दोन दिवस चालून चौकीवर आली ती पावसाळा लागता लागता. सरळ आत येऊन माझ्या टेबलासमोर जमिनीवर बसली. त्या लोकांच्या बोलीत साहेबालाही ‘तू’च म्हणतात, त्यात उर्मटपणा नसतो.

“जमादार, माझी पोशी गेली ती आली नाय,” ती म्हणाली. पोशी म्हणजे मुलगी. “सोमी नाव. गेलेच्या आदले सालचे दिवालीस गेली. हा दुसरा पावसाला.”

मी विचारलं, कुणाबरोबर गेली.

“रामजी मुकादमासंगं. याच वाटंन. तुज्या बुकात लिवला असंल ना? तू सगला लिवतोस असा लोक सांगतात. बघ ना.”

तिला वाटलं, एवढं जाड पुस्तक, त्यात तिची सोमी असणारच. मी मागचं रजिस्टर काढलं. का काढलं कुणास ठाऊक, मला आत काय आहे ते माहीत होतं. तो दिवस सापडला. माझंच अक्षर. रिकाम्या गाड्या तीन, बैल सहा, त्यांतला एक शिंगमोडका. ती वाकून माझ्या बोटाकडे बघत होती, तिला वाचता येत नव्हतं.

“काय लिवलाय?”

मी म्हणालो, “बैल लिहिलेत.”

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “बैल आले का परत?”

बैल आले होते. शिंगमोडक्यासकट आले होते, त्याचीही नोंद होती. मला त्या दिवशी फार लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

त्या संध्याकाळी मी रजिस्टरात पट्टीनं एक जादा रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘माणसे – नाव, गाव’. पुढच्या तपासणीला आमच्या फौजदारांनी ती बघितली आणि मला उभं-आडवं झाडलं. सरकारी छापील नमुन्यात आपल्या मनाचा रकाना घालणारा मी कोण. मी होय साहेब म्हणालो आणि रकाना तसाच ठेवला. हुकूम तोंडी होता.

आता सोमीला आणायचं कसं हा प्रश्न. वर्दी घालून मी हद्दीपलीकडे पाऊल टाकलं असतं तर दोन देशांचं भांडण झालं असतं. वर्दी काढून गेलो असतो तर नोकरी गेली असती. मी देवजीला विचारलं. देवजी नागली बघायला म्हणून गेला आणि चार दिवसांनी बातमी घेऊन आला. भट्ट्या हद्दीपासून फार लांब नव्हत्या. सोमी तिथंच होती, धडधाकट होती. तिच्याबरोबर आणखी सहा जण होते, कुणी दोन वर्षं, कुणी तीन. खायला कण्या मिळत. मारहाण फारशी नव्हती. पण पावसातही त्यांना घरी सोडत नव्हते.

“पहारा किती माणसांचा?” मी विचारलं.

“पहारा कोनाचा नाय,” देवजी म्हणाला.

इथं मी थांबून विचार करायला हवा होता. पहारा नाही, कुलूप नाही, घर दोन-अडीच दिवसांच्या वाटेवर, आणि तरी सात माणसं तीन-तीन वर्षं बसून आहेत, म्हणजे काहीतरी असणार. पण मी पोलीस. मला पहारा नाही म्हटल्यावर एवढंच सुचलं की मग काम सोपं आहे. मी देवजीला म्हणालो, त्यांना सांग, हवालदारानं बोलावलंय, सरकारचा हुकूम आहे.

एका बाजारच्या दिवशी, मुकादम गैरहजर असताना, भर दुपारी देवजी सातही माणसांना घेऊन आला. लाडकी चौकीच्या अंगणात बसलेली. सोमी अठराएक वर्षांची, काळवंडलेली, केस राखेनं पांढुरके झालेले. मायलेकी एकमेकींना भेटल्या त्या अगदी चुपचाप. लाडकीनं तिचे हात उलटेसुलटे करून बघितले, बाजारात भोपळा बघतात तसे, आणि मग डोळ्याला पदर लावला. माझ्या शिपायांनी भात शिजवला. मी फौजदारांना चिठ्ठी धाडली की सात इसम सोडवून आणले, जबान्या घ्यायला यावं. चिठ्ठी लिहिताना माझी छाती फुगली होती हे कबूल करतो.

आणि मग मी ती चूक केली. फौजदार येईपर्यंत साक्षीदार सांभाळायला हवेत म्हणून त्यांना मागच्या खोलीत झोपायला दिलं आणि बाहेरून कडी घातली. त्यांच्याच सुरक्षेसाठी, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक जण म्हणाला, “जमादार, आमाला जाऊ दे.” मी म्हणालो, साहेब येऊ द्या. संध्याकाळी सोमी म्हणाली, “जायला होवं.” मी म्हणालो, उद्या. कुठं जायचंय, का जायचंय, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटलं घरीच, आणखी कुठं.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर मागं जाऊन बघतो तर कुडाची भिंत खालून उसवलेली. कारवीच्या काठ्या नीट काढून बाजूला रचून ठेवल्या होत्या. मोडतोड नको म्हणून. सातही जण गेले होते, हद्दीकडे. मातीत पावलं स्पष्ट होती.

लाडकी अंगणातच बसून होती. मी तिच्यावरच तडकलो. तुझी मुलगी वेडी आहे का, म्हणालो. आम्ही इथं जिवाचं रान करतो आणि ती पुन्हा त्याच खड्ड्यात उडी मारते.

लाडकी शांतपणे म्हणाली, “तू कडी घातलीस.”

“त्यांच्यासाठीच घातली.”

“मुकादम कडी नाय घालीत.”

मी खाली बसलो. मग तिनं जे सांगितलं ते मला तिनं आधीच सांगितलं असतं, मी विचारलं असतं तर.

दिवाळीच्या आधी वाघबारस येते. त्या दिवशी डोंगरातले लोक वाघदेवाला पूजतात. शिवेवर लाकडाचा नाहीतर दगडाचा वाघ्या असतो, त्याला शेंदूर लावतात, गुराख्यांची पोरं वाघ होऊन नाचतात. तेव्हाच्या जंगलात वाघ खरोखरचे होते आणि वर्षाला एखादं माणूस जायचंच, तेव्हा हा देव काही नुसता नावाचा नव्हता. रामजी मुकादम टोळी ठरवायचा ती नेमकी वाघबारशीला. प्रत्येकाच्या मुठीत तांदूळ द्यायचा आणि वाघ्यासमोर आण घ्यायला लावायचा. आण साधी होती. भट्टी विझेपर्यंत भट्टी राखीन, सोडून जाणार नाही. मोडली तर वाघ्या बघून घेईल. मला बघेल किंवा माझ्या घरच्याला बघेल.

ऐकायला यात काही वावगं नाही. कोळशाची भट्टी म्हणजे लाकडं रचून त्यांवर पाला आणि माती लिंपायची, आत विस्तव घालायचा आणि हवेपुरती भोकं ठेवायची. पाच-सहा दिवस ती आतल्या आत धुमसते. राखणाऱ्याचा डोळा लागला आणि हवा जास्त शिरली की सगळ्या लाकडाची राख. म्हणून राखणं हेच खरं काम. लोकांना वाटलं, हंगामाची शेवटची भट्टी विझली की आण फिटली. जुन्या मुकादमांच्या वेळी तसंच व्हायचं.

रामजीनं काय केलं, तर एक भट्टी उघडायच्या आधी तिच्यातला विस्तव काढून दुसरीत घालायचा. पावसाळ्यात छपराखाली एक लहानशी भट्टी चालू ठेवायचा, कोळसा निघो न निघो. ज्यांना परत घरी न्यायचं त्यांना वाघ्यासमोर स्वतः मोकळं करायचा, आणि जी माणसं कामाला चांगली, त्यांना मोकळं करायचाच नाही. भट्टी तीन वर्षं विझली नव्हती. म्हणून ती सात माणसं तिथं होती. त्यांना कुणी डांबलं नव्हतं. माझ्या बोलावण्यावर ती आली ती सरकारचा हुकूम म्हणून, लगेच परत जायच्या हिशेबानं. आण मोडली तर लाडकीला वाघ नेईल, एवढीच भीती सोमीला होती. ती आईसाठी परत गेली होती.

हे ऐकून कुणी हसेल. पुढं आमचे फौजदारही हसले. पण कोर्टात आम्ही माणसाच्या हातात पोथी देऊन शपथ घालतो आणि ती मोडणाऱ्याला तुरुंगात टाकतो, तेव्हा कुणी हसत नाही.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते पोलिसाच्या मनात येणारंच. पाड्यावरच्या भगताला आणायचं, दम द्यायचा, आणि आण सुटली असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं. मी तसा गेलोही, लाडकीला बरोबर घेऊन. भगत खाटेवर बसून दोरी वळत होता. मी आवाज चढवला. त्यानं दोरी बाजूला ठेवली नाही.

“मी सुटली म्हनलो तर तुला बरा वाटंल,” तो म्हणाला. “तिला वाटंल का?”

मी विचारलं, मग सुटणार कशानं?

“भट्टी इझल्यानं. आनेत तसाच हाय. राखनारानं इझवली तर आन मोडली. दुसऱ्या कोनी इझवली तर आन फिटली, पुढला त्याचा तो जाने.”

लाडकी माझ्या मागं उभी होती. ती म्हणाली, “मी आन नाय घेतली.”

मी वळून बघितलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. मी म्हणालो, तुला तिकडे जाता येणार नाही, तो परका मुलूख आहे. ती म्हणाली, “देवजी नाय का जात?”

नंतर जे झालं त्यात पोलिसाचं काम एकच होतं, आणि ते मी उत्तम केलं असं मी म्हणेन. भट्टी पाण्यानं विझत नाही. वरून पाणी ओतलं तर माती फुटते, हवा शिरते आणि आत भडका उडतो. तिची सगळी भोकं ओल्या मातीनं बुजवायची आणि गुदमरून थंड होईपर्यंत बसून राहायचं. त्याला दोन दिवस लागतात. म्हणजे मुकादम दोन दिवस भट्टीवर नको.

तो पावसातही दर पंधरा दिवसांनी साठवलेल्या कोळशाच्या गाड्या घेऊन आमच्या नाक्यावरून रेल्वेकडे जायचा आणि तिथून परत यायचा. त्या वेळी तो परत आला तेव्हा मी दांडी आडवी ठेवली. गाड्या रिकाम्या होत्या, त्या तपासल्या. मग जाताना नेलेल्या पोत्यांचा हिशेब जुळत नाही म्हणालो, तो जुळवायला बसलो. जुळला, तेव्हा एका बैलाचं वर्णन नोंदीशी मिळत नाही असं आढळलं. तो शिंगमोडका होता. मी रामजीला म्हणालो, हे शिंग मागच्या वेळी डावं होतं. त्यानं तंबाखू पुढं केली. मी घेतली आणि शिंगाबद्दल वरिष्ठांचं मत मागवायला माणूस पाठवला. नोकरीभर मी कागदी घोडे नाचवले, पण ते एवढे सुंदर कधी नाचले नव्हते. रामजी तापला, मग रडकुंडीला आला, मग बाकावर झोपला. दोन दिवस तो माझ्या डोळ्यासमोर होता.

त्या दोन दिवसांत पलीकडे काय झालं ते मी देवजीकडून ऐकलं. लाडकी आणि तो ओढ्यातली माती घेऊन गेले. लाडकीनं एकेक भोक बुजवलं. आण घेतलेली सात माणसं लांब एका झाडाखाली जाऊन बसली. त्यांनी तिला मदत केली नाही, अडवलंही नाही. सोमीनं एकदाच हाक मारली, “आये, नको.” लाडकीनं ऐकलं नाही. भट्टी कुठं फुटत असली की ती तिथं हातानं माती दाबायची. हात भाजले. दोन दिवस ती तिथून उठली नाही. ती घाबरली होती का, असं मी देवजीला विचारलं. तो म्हणाला, “वाघ्याचा नाव घेत होती. पन हात चालू होता.”

मग तिनं वरची माती उकरली, आत हात घातला आणि एक कोळसा काढला. थंड होता. तो तिनं सोमीच्या तळहातावर ठेवला. मग दुसरा काढून दुसऱ्याच्या. सातही जणांच्या हातात दिला. देवजी म्हणाला, बराच वेळ ते कोळसे हातात धरून बसले होते, चटका लागतो का ते बघत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी नाक्यावर आली. रामजी अजून बाकावर होता. त्यानं त्यांना येताना बघितलं, त्यांच्या हातातले कोळसे बघितले, आणि त्याला कळलं. मी शिंगाचा प्रश्न मिटवून त्याला सोडून दिलं.

माझी फजिती इथं संपायला हवी होती, पण सरकारी काम तसं संपत नाही. फौजदार आले. त्यांना खटला भरायचा होता आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. खटल्याला साक्षीदार लागतात. ते म्हणाले, या मुलीला आणि दुसऱ्या बायकांना ठाण्याकडे एका आश्रमात ठेवू, खटला होईपर्यंत. चांगली जागा आहे, भिंत आहे, फाटक आहे. इथं पाड्यावर राहिल्या तर मुकादम त्यांना फितवेल. हुकूम लिहून देतो, तुम्ही त्यांना पोचवा.

मी बाहेर आलो. सोमी अंगणात होती. या वेळी मी विचारलं. दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिकडे गेलीस तर मुकादमाला शिक्षा होईल, बहुतेक होईल. नाही गेलीस तर तो सुटेल. तिकडे दाराला कडी असेल.

तिनं विचार केला. “किती दिस?” तिनं विचारलं. मी म्हणालो, सांगता येत नाही, सहा महिने, वर्ष. ती म्हणाली, “आये संगं जाईन. बोलवाल तवा चालत येईन. पन कोंडून नाय.”

मी आत जाऊन सांगितलं की साक्षीदार आपापल्या गावी जाऊ इच्छितात आणि मी त्यांना अडवलेलं नाही. फौजदारांचे डोळे पांढरे झाले. त्यांनी माझ्यावर शेरा मारला, आणि त्या शेऱ्यानं माझी जमादारीची बढती काही वर्षं पुढं गेली. पाड्यावरचे लोक मला आधीपासून जमादार म्हणत होते, त्यावर मी समाधान मानलं. सोमी बोलावल्यावर खरंच चालत जव्हारला आली, दोनदा. पण प्रकरण उभंच राहिलं नाही. कुलूप नाही, पहारा नाही, मारल्याची खूण नाही, सगळे आपल्या पायांनी गेलेले. ‘स्वखुशीने’ असा शब्द कागदावर पडला आणि रामजी सुटला. आश्रमात ठेवलं असतं तर सुटला नसता का? मला माहीत नाही. हा प्रश्न मला पन्नास वर्षं सतावतो आहे. पलीकडच्या जंगलात पुढच्या साली जी माणसं राबली, ती अंशतः माझ्यामुळे राबली, हे मला नाकारता येत नाही.

हल्ली तरुण अधिकाऱ्यांच्या शिबिरात मला कधी कधी बोलावतात. तिथं मानवी हक्क वगैरे शब्द असतात, चांगले असतात. सोडवलेल्या माणसाला गुन्हेगारासारखं वागवू नका, त्याला विचारा, असं फळ्यावर लिहिलेलं असतं. मी मागच्या खुर्चीत बसून मान हलवतो. विचारायचं तर खरं, पण माणूस जे उत्तर देईल ते आपल्या खटल्याच्या सोयीचं नसेल, तेव्हा काय करायचं, हे फळ्यावर नसतं.

पुढची वाघबारस आणि दिवाळी झाल्यावर दोन दिवसांनी, सोमी चौकीवर आली. मी बोलावलं नव्हतं. गाठोडं घेऊन आली आणि नाक्याजवळच्या मोहाच्या झाडाखाली बसली. मी विचारलं, काय काम काढलंस. ती म्हणाली, “तो येल ना आता. तवर मी अठं बसंन.”

आणि तो आला. अकरा माणसांची टोळी होती, निम्म्या बायका. रामजीनं मला रामराम घातला, शिपायांच्या पोरांची चौकशी केली, जणू काही झालंच नव्हतं. मी माझ्या जादा रकान्यात एकेकाचं नाव लिहायला घेतलं. एकेकाला मोहाच्या झाडाकडे पाठवत होतो, एकट्याला. तिथं सोमी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलत होती. कसली आण घातली, ते विचारत होती. मग दुसऱ्या कुणी भट्टी विझवली की ती आण फिटते कशी, ते सांगत होती. मी लांबून बघत होतो. एक बाई मध्येच खाली बसली आणि डोकं धरून राहिली.

रामजी अस्वस्थ झाला. “ही कोण बया, हवालदारसाहेब?” त्यानं विचारलं.

मी आधी समजलो की तो सोंग करतोय. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. सोंग नव्हतं. त्यानं तिला दोन वर्षं राबवलं होतं, आणि त्याला तिचं तोंड आठवत नव्हतं. मी म्हणालो, “तिलाच विचारा.”

तो विचारायला गेला नाही.

अकरांतल्या दोघीजणी त्या दिवशी गाठोडी उचलून मागं फिरल्या. रामजीनं त्यांना थांबवलं नाही, मी बघत होतो. बाकीच्या नऊ जणांना जायचंच होतं. घरी भात पिकला नव्हता, मी त्यांना अडवणारा कोण. मी दांडी वर केली. ते एका मागोमाग एक निघाले तशी सोमी उठून वाटेच्या कडेला उभी राहिली, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला तिनं एकच गोष्ट सांगितली, “मी अठंच हाय.”

सगळ्यात शेवटी मुकादम निघाला. त्यालाही ती तेच म्हणाली.